पाहण्यासारखे काय आहे?

गेल्या अंकात या सदराच्या शेवटी मी वाचकांना विचारले होते, की अलीकडे आपण काय पाहिले आणि ते दुसऱ्या कोणाला सुचवाल का. पत्रे भरपूर आली. गंमत अशी, की त्यांतल्या तक्रारी चित्रपटांविषयी कमी आणि चित्रपट सुचवणाऱ्या माणसांविषयी जास्त होत्या. उत्तरासाठी निवडलेली सहाही पत्रे खाडीच्या या किंवा त्या काठावरची, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबईतली निघाली, हा योगायोग. नावे वाचकांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या इमारतीतल्या आम्ही सातजणी रोज संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारतो. त्यांतल्या एका मैत्रिणीने गुन्हेगारीवरच्या एका वेब मालिकेचे इतके कौतुक केले, की मी ती रात्री घरी लावली. पहिल्याच भागातल्या शिव्या ऐकून माझे यजमान काही न बोलता उठले आणि आत जाऊन झोपले. मैत्रीण आता रोज विचारते, "कुठपर्यंत आलात?" तिला काय सांगू? आणि आम्हा दोघांना बरोबर बसून पाहता येईल असे काही सुचवाल का?
(नौपाडा, ठाणे)

उत्तर : मैत्रिणीला खरे ते सांगावे, फक्त निकाल देऊ नये. "फार भयंकर आहे हो तुमची ती मालिका," असे म्हटले, की ती मालिका मैत्रिणीची होऊन बसते आणि मग ती वकिलासारखी तिची बाजू लढवू लागते. त्याऐवजी, "त्या शिव्या आम्हा दोघांना शेजारी बसून ऐकवेनात, म्हणून थांबलो, पण तुम्हाला त्यात काय धरून ठेवत होते?" असे विचारून पाहा. ती कदाचित तपासाच्या धाग्याविषयी बोलेल, कदाचित एखाद्या नटाविषयी. कदाचित असेही निघेल, की ती मालिका ती दुपारी एकटीच, कानाला हेडफोन लावून पाहते आणि आपल्या यजमानांना तिचा पत्ताही नाही. तीच मालिका दुपारी एकटीने पाहणे आणि रात्री जेवणानंतर जोडीने पाहणे यांत फार अंतर आहे, आणि सुचवताना नेमके तेच सांगायचे राहून जाते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून अधिकाराने बोलते. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट २०१५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मी कळव्यात राहणाऱ्या माझ्या आतेभावाला फोन करून सांगितले, की याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे, व्हेनिसलाही गौरव झाला आहे, तू पाहाच. तो पाहून आला आणि रात्री साडेदहाला त्याचा फोन आला : "अगं, त्यात काही घडतच नाही!" मी त्याला परीक्षकांना काय आवडले ते सांगितले होते, मला काय आवडले ते सांगितलेच नव्हते. त्या चित्रपटात एका बाईचा खटला पुकारला जातो आणि तिने बिनबाह्यांचे कपडे घातले आहेत एवढ्या कारणावरून न्यायाधीश तो ऐकायला नकार देऊन पुढची तारीख देतात. जेमतेम मिनिटभराचा प्रसंग, पण तो पाहताना मला आतेभावाचीच आठवण झाली होती, कारण भाडेकरूच्या एका दाव्यापायी त्याने अकरा वर्षे अशाच तारखा घेतल्या होत्या. "तुझ्या तारखांची गोष्ट पडद्यावर आली आहे," एवढे एक वाक्य मी बोलले असते, तर तो वेगळ्या मनाने खुर्चीत बसला असता.

आपल्याकडची शिफारशीची वाक्येही एकदा तपासून पाहण्याजोगी आहेत. "एकदा पाहायला हरकत नाही" असे ज्या चित्रपटाविषयी म्हटले जाते, तो म्हणणारा स्वतः दुसऱ्यांदा कधीही पाहणार नसतो. "पैसा वसूल" हे बहुधा तिकिटापेक्षा पॉपकॉर्न महाग पडले तेव्हा मनाची समजूत घालण्यासाठी म्हटले जाते. "डोके बाजूला ठेवून पाहा" हा सल्ला देणारा माणूस तर आपल्या डोक्याविषयी काय समजतो, हाच प्रश्न आहे. आणि "छान आहे" याचा अर्थ निव्वळ एवढाच, की विषय बदलू या.

आता आपल्या दोघांसाठी. 'गुल्लक' ही हिंदी मालिका उत्तरेतल्या एका लहान शहरातल्या मिश्रा कुटुंबाची आहे. वीज मंडळात नोकरी करणारे वडील, ओट्याशी राबणारी आणि सगळ्यांना धारेवर धरणारी आई, दोन मुलगे आणि गोष्ट सांगायला घरातला मातीचा गल्ला. एका पर्वात पाचच भाग आहेत आणि प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाचा आहे. त्यातली शेजारीण, बिट्टूची मम्मी, न बोलावता येते आणि न विचारता सांगते; आपल्या फेरीतल्या सातजणींपैकी ती कोण, यावर आपणा दोघांचे एकमत व्हायला वेळ लागणार नाही. दुसरा सुचवते तो अविनाश अरुण यांचा 'थ्री ऑफ अस'. २०२३ मध्ये तो चित्रपटगृहांत आला होता. स्मृती हळूहळू पुसट होऊ लागलेली एक मध्यमवयीन स्त्री नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला जाते, कारण तिच्या बालपणाचा काही काळ तेथे गेलेला आहे आणि तो आठवतो आहे तोवर तिला पाहून घ्यायचा आहे. शेफाली शाह या स्त्रीचे काम करताना एकही हुंदका मोठ्याने देत नाहीत. मात्र आपल्या घरात कोणाला विस्मरणाचा आजार असेल किंवा नुकताच होऊन गेला असेल, तर हा चित्रपट तूर्त लांबणीवर टाकावा. तो आक्रस्ताळा नाही, आणि म्हणूनच अधिक लागतो.

प्रश्न : मी ऐरोलीहून नेरुळला नोकरीसाठी जातो. येता-जाता मिळून तासभर मोबाइलवर चित्रपट पाहतो, त्यामुळे एक चित्रपट दोन-तीन दिवसांत संपतो. माझा मित्र म्हणतो, की याला चित्रपट पाहणे म्हणतच नाहीत. घरी पाहायला मला वेळ आणि टीव्ही दोन्ही मिळत नाहीत. मी काय करावे?
(ऐरोली)

उत्तर : मित्राच्या घरी बहुधा टीव्ही त्याच्या एकट्याच्या ताब्यात असावा. ज्याला जसे जमते तसे त्याने पाहावे. मात्र गाडीत काय पाहायचे याची निवड थोडी विचाराने केली, तर आपलाही तोटा होणार नाही आणि चित्रपटाचाही.

वर उल्लेख केलेला 'कोर्ट' घ्या. त्यातला कॅमेरा बहुतेक वेळा लांब एका जागी उभा असतो आणि चौकटीतले एखादे तोंड जवळ घेऊन "इकडे पाहा" असे सांगत नाही. मागच्या बाकावर कोण पेंगते आहे, कारकून काय करतो आहे, हे आपले आपण शोधायचे असते. हाताएवढ्या पडद्यावर ती माणसे मुंग्यांएवढी होतात आणि मग खरोखरच "काही घडत नाही" असे वाटू लागते. विम वेंडर्स यांच्या 'परफेक्ट डेज'चीही अशीच गत होईल. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणारा एक मनुष्य रोज तेच काम मन लावून करतो, व्हॅनमध्ये जुन्या कॅसेट ऐकतो आणि दुपारच्या सुट्टीत झाडाच्या पानांतून झिरपणाऱ्या उजेडाची छायाचित्रे घेतो. तो फारच थोडे बोलतो. या भूमिकेसाठी कोजी याकुशो यांना २०२३ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. परंतु ती शांतता तुर्भ्याला चढणाऱ्या गर्दीत कोठून आणणार? असे चित्रपट सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवावेत.

गाडीत संवादांवर चालणाऱ्या आणि आपल्या प्रवासाएवढ्या तुकड्यांत बेतलेल्या मालिका बऱ्या. 'पंचायत'चे पहिले पर्व आठ भागांचे आहे. ग्रामसचिवाची नोकरी नाइलाजाने पत्करून फुलेरा गावात आलेला शहरी तरुण आणि एक सौरदिवा एवढ्या भांडवलावर त्यातला एक अख्खा भाग उभा राहतो. भाग मध्येच तुटला तरी दुसऱ्या दिवशी धागा लगेच सापडतो. निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' मात्र आपण याच प्रवासात पाहावा असे मी आग्रहाने म्हणेन. २००५ सालचा हा चित्रपट रोज लोकलने जाणाऱ्या माधव आपटे या बँक कर्मचाऱ्याचा आहे. सरळमार्गी माणसाचा संयम एके दिवशी सुटतो आणि मग तो थांबत नाही. तो पाहताना मान वर करून डब्यातल्या चेहऱ्यांकडे एकदा नजर टाकली, तर मोठ्या पडद्याची उणीव जाणवणार नाही. हेडफोन मात्र विसरू नका. शेजाऱ्याला आपल्या चित्रपटाचा नुसता आवाज ऐकवणे याला कोणीच शिफारस म्हणत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एका सभासदांनी 'वाळवी' पाहून त्यातले सगळे रहस्य लिहून टाकले. मी तक्रार केली, तेव्हा ते म्हणाले, "चित्रपट येऊन किती दिवस झाले, अजून पाहिला नाही ही तुमची चूक." खरोखर माझी चूक आहे का?
(वाशी)

उत्तर : नाही. परेश मोकाशी यांचा 'वाळवी' २०२३ चा आहे आणि त्याची सगळी मौज, पुढच्या क्षणी काय होईल याचा आपला अंदाज चुकण्यात आहे. ठरवून केलेल्या खुनाचा बेत पहिल्या काही मिनिटांतच कसा फिस्कटतो, याच्या पलीकडे त्याविषयी एक अक्षरही सांगू नये. अशा चित्रपटांना जुनेपणाचा नियम लागू होत नाही, कारण न पाहिलेल्या माणसासाठी तो आजच प्रदर्शित झालेला असतो. याउलट 'थ्री ऑफ अस'ची गोष्ट मी वर निम्मी सांगितली, तरी आपले काही हिरावून घेतले आहे असे मला वाटत नाही. आपल्या सभासदांना हा फरक कळेपर्यंत त्यांचे संदेश चित्रपट पाहून झाल्यावरच उघडावेत.

प्रश्न : आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. वर्गातले मित्र सांगतील ती मालिका त्याला पाहायची असते आणि नाही म्हटले, की "सगळ्यांनी पाहिली आहे" हे ठरलेले उत्तर मिळते. सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या त्या यू/ए आणि आकड्यांचा नेमका अर्थ काय? त्यावर विसंबावे का?
(खारघर)

उत्तर : पूर्वी चित्रपटगृहांतल्या चित्रपटांना यू, यू/ए आणि ए अशी ढोबळ प्रमाणपत्रे मिळत. यू/ए म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि त्यात सहा वर्षांची मुले आणि अकरा वर्षांची मुले एकाच टोपलीत येत. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि यू/ए चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग झाले. ओटीटीवर हीच विभागणी २०२१ च्या नियमांनी आधीच आलेली आहे. फरक असा, की चित्रपटाला वर्ग सेन्सॉर बोर्ड देते आणि ओटीटीवरच्या मालिकेला तो ती दाखवणारी कंपनी स्वतःच ठरवते. तेरा वर्षे आणि त्यापुढच्या वर्गांतल्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय देणे त्या कंपन्यांवर बंधनकारक आहे. मुलासाठी वेगळे प्रोफाइल उघडून आपल्या प्रोफाइलला पिन लावली, की काम होते. पिन म्हणून स्वतःची जन्मतारीख ठेवू नका. मुलांना ती पाठ असते.

आकडा हे कुंपण आहे, त्याने आवडनिवड ठरत नाही. आकड्याशेजारी हिंसा, भाषा, भीतिदायक दृश्ये असे जे दोन-तीन शब्द लिहिलेले असतात, ते आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण कोणता मुलगा कशाने घाबरतो हे त्याच्या आईवडिलांनाच ठाऊक असते. "सगळ्यांनी पाहिली आहे" यावर मात्र माझ्याकडे एकच उपाय आहे : मित्रांना सांगता येईल असे काहीतरी त्याच्या हाती द्यावे. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'मधला चिन्मय आपल्या मुलाच्याच वयाचा आहे. वडील वारलेले आहेत, आईची बदली कोकणात झाली आहे, आणि नव्या शाळेतल्या टवाळ मुलांत त्याला जागा करून घ्यायची आहे. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ मध्ये या चित्रपटाला बालचित्रपटांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळाले, आणि हा सन्मान कोणाला द्यायचा हे तेथे मुलांचेच परीक्षक मंडळ ठरवते, हे आपल्या मुलाला जरूर सांगा. मुलांवर या वाक्याचा परिणाम होतो. 'एलिझाबेथ एकादशी' हा त्याहून हलका. आपली लाडकी सायकल विकावी लागू नये म्हणून पंढरपूरच्या यात्रेत दुकान थाटणारी मुले त्यात आहेत. पहिल्यांदा आपण शेजारी बसून पाहावे, पण मध्ये मध्ये "यातून काय शिकलास?" असे विचारू नये.

प्रश्न : मी आणि माझी बहीण रात्री जेवताना काहीतरी लावायचे म्हणून अ‍ॅप उघडतो. नावे खाली खाली सरकत राहतात, ते सुचवते ते सगळे एकसारखेच वाटते आणि आमटी गार होते. शेवटी जुनाच एखादा विनोदी चित्रपट चाळीसाव्यांदा लावतो. यावर काही मार्ग आहे का?
(कोपरखैरणे)

उत्तर : चाळीसाव्यांदा 'अशी ही बनवाबनवी' लावण्यात काहीही गैर नाही. १९८८ पासून महाराष्ट्र तेच करत आला आहे.

परंतु मार्ग आहे, आणि तो जुनाच आहे : यंत्राच्या मागे न जाता माणसाच्या मागे जावे. आपण काल जे पाहिले त्याच जातीचे आज पुढे ठेवणे हे अ‍ॅपचे काम. खून पाहिला की आणखी दहा खून. माणसाच्या मागे गेले, की रस्ता फुटतो. उदाहरण म्हणून अभिनेत्री छाया कदम यांना धरा. किरण राव यांच्या 'लापता लेडीज'मध्ये रेल्वे स्थानकावर चहाचे दुकान चालवणारी मंजू माई आपण पाहिली असेल. हरवलेल्या नव्या नवरीला ती कामाला लावते, फटकारते आणि स्वतःच्या कमाईचे पैसे हातात पडण्याची चव दाखवते. ती आवडली असेल, तर मागे जाऊन नागराज मंजुळे यांचा 'फॅन्ड्री' काढा. तेथे याच छाया कदम नायक जब्याची आई आहेत. त्यात डुकरामागे धावणारे ते कुटुंब शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी उभे राहते आणि हातातोंडाशी आलेले डुक्कर त्यांच्यासमोरून निघून जाते. जेवताना मात्र 'फॅन्ड्री' लावू नका. घास हातातच राहील.

तेथून पुढे पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. २०२४ मध्ये कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळाले. मुंबईत काम करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिका आणि त्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती अशा तिघींची ही गोष्ट आहे, आणि पार्वती म्हणजे पुन्हा छाया कदम. वर्षानुवर्षे राहिलेल्या घराचे कागद नाहीत, म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतो आणि ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. जाण्यापूर्वी ती आणि त्या परिचारिकांतली प्रभा रात्री त्या नव्या इमारतीच्या जाहिरात फलकावर दगड भिरकावतात. ज्या शहरांत निम्म्या रिक्षांच्या पाठीवर नव्या टॉवरची जाहिरात असते, तेथे राहणाऱ्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. आणखी एक प्रसंग : परदेशात गेलेल्या आणि बोलणेच थांबवलेल्या नवऱ्याकडून प्रभाच्या पत्त्यावर भात शिजवण्याचा एक लाल कुकर येतो, सोबत चिठ्ठी नाही, आणि रात्री ती त्या कुकरला जवळ घेऊन बसते. चित्रपटात काही दृश्ये निव्वळ प्रौढांसाठी आहेत. आई-बाबा गावाला गेलेले असतील ती रात्र निवडावी.

एका चहाच्या दुकानापासून निघून आपण तीन चित्रपटांत तीन वेगळ्या दिग्दर्शकांकडे पोहोचलो. असाच धागा 'किल्ला'पासून 'थ्री ऑफ अस'पर्यंत किंवा 'डोंबिवली फास्ट'पासून निशिकांत कामत यांच्याच हिंदी 'दृश्यम'पर्यंत ओढता येतो. नावे दुपारी ठरवून कागदावर लिहून ठेवली, तर आमटी गार होणार नाही. कोणता चित्रपट कोणत्या अ‍ॅपवर आहे हे मुद्दामच लिहीत नाही, कारण हक्क बदलत असतात. नाव टाकून शोधले, की लगेच कळते.

प्रश्न : चांगला मराठी चित्रपट आला आहे असे कोणी सांगेपर्यंत तो गेलेला असतो. मागे एकदा मी शोधायला गेलो, तर जवळच्या मल्टिप्लेक्समध्ये एकच खेळ उरला होता आणि तोही दुपारी पावणेतीनचा. नोकरदार माणसाने काय करावे?
(घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : यात आपले दुर्दैव कमी आणि हिशेब जास्त आहे. चित्रपट शुक्रवारी लागतो आणि पुढच्या आठवड्यात त्याला किती खेळ द्यायचे हे पहिल्या तीन दिवसांच्या तिकीटविक्रीवरून ठरते. आपण आणि मी मात्र "लोक काय म्हणतात ते पाहू आणि पुढच्या रविवारी जाऊ" असे म्हणतो. सगळेच लोक काय म्हणतात याची वाट पाहू लागले, की म्हणायला कोणी उरत नाही.

रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला तरुण आणि तेथला त्याचा बालमित्र यांच्यातल्या प्रेमाची ती गोष्ट आहे; त्यात कोणी आरडाओरडा करत नाही आणि पार्श्वसंगीत आपल्याला रडायची सूचना देत नाही. आठ महिने त्याचे नाव वाचत होते, तरी मी तो पाहायला दुसऱ्या आठवड्यात गेले. सकाळचा खेळ होता, प्रेक्षागृहात मोजून नऊ माणसे होती, आणि मध्यंतरात सामोसा घेताना त्यांतल्या तिघांनी मला तेच सांगितले : "काल कोणीतरी सांगितले म्हणून आलो."

पूर्वी गडकरी रंगायतनचा प्रयोग सुटला, की लोक बाहेर वडा खात उभे राहत आणि नाटकाचे भवितव्य तेथेच ठरे. पुढचा प्रयोग कधी आहे, हे विचारूनच माणसे घरी जात. चित्रपटाला आता तेवढी उसंत मिळत नाही. तेव्हा असे करावे : ज्यांच्या आवडीवर आपला विश्वास आहे असे चार-पाचजण मिळून एक लहानसा गट करावा, त्यातल्या एकाने आळीपाळीने शुक्रवारी रात्रीचा किंवा शनिवारी सकाळचा खेळ पाहावा, आणि चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर रिक्षात बसण्यापूर्वीच बाकीच्यांना दोन ओळी लिहाव्यात. तारे देऊ नयेत. कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही आणि रविवारचा खेळ किती वाजता आहे, एवढे पुरे. पहिली पाळी अर्थातच आपली.